वाद्यवृंदाची सॅम्पल लायब्ररी आणि रहस्यनाट्याचे पार्श्वसंगीत : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरातील एका हौशी नाट्यसंस्थेच्या प्रयोगांना मी पार्श्वसंगीत करतो. गेल्या वर्षी आम्ही एक रहस्यप्रधान एकांकिका बसवायला घेतली, तेव्हा तिच्यासाठी मी पाश्चात्त्य वाद्यवृंदाची सॅम्पल लायब्ररी विकत घेतली. खऱ्या वादकांनी कमी-अधिक जोराने आणि गज चालवण्याच्या निरनिराळ्या पद्धतींनी वाजवलेला एकेक स्वर तिच्यात ध्वनिमुद्रित करून ठेवलेला असतो, आणि संगणकाला जोडलेल्या मिडी कीबोर्डची पट्टी दाबली की तो उमटतो. चाळीस-पन्नास तंतुवादक एका खोलीत बसवणे आमच्यासारख्यांना कधीच शक्य नसल्यामुळे हा मार्ग निवडला.

संगणकाविषयी थोडक्यात सांगतो. 16 जीबी रॅमवर सर्व वाद्यविभाग एकदम उघडले की आवाज तुटतो, म्हणून एकेक विभाग ऑडिओत उतरवून पुढे जावे लागते. एप्रिल-मेच्या उन्हात लॅपटॉपचा पंखा इतका जोरात फिरतो की अगदी हळू वाजणारे भाग हेडफोनशिवाय पारखता येत नाहीत, त्यामुळे ते काम मी पहाटे करत असे.

लायब्ररीत भय आणि ताण यांसाठी तयार आवाजांचा एक वेगळा विभाग आहे. पहिल्या आठवड्यात मी त्याच विभागात रमलो आणि व्हायोलिनच्या तीक्ष्ण किंकाळ्या, अचानक आदळणारे खर्जातील स्वर, थरथरणारा ट्रेमोलो असे जुळवून तीन दिवसांत संपूर्ण एकांकिकेचे संगीत उभे केले. तालमीला आलेल्या एका ज्येष्ठ व्हायोलिनवादकांनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाले, ‘‘वाजतंय छान, पण यातलं सगळं मी आधी ऐकलंय.’’ त्यांचे म्हणणे खरे होते. त्या तयार आवाजांत साठ वर्षांचे चित्रपटसंगीत गोठवून ठेवलेले होते आणि मी ते नकळत जसेच्या तसे पुढे सरकवत होतो. त्यानंतरचे आठ महिने माझा बराचसा वेळ कोणता आवाज कोठून आला, हे शोधण्यात गेला, आणि लायब्ररीचा खरा उपयोगही मला त्यातूनच उमगला.

किंकाळीचा उगम अर्थातच हिचकॉक यांच्या 1960 च्या ‘सायको’ या चित्रपटात आहे. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी त्या चित्रपटासाठी केवळ तंतुवाद्ये वापरली. स्नानगृहातील खुनाचा प्रसंग संगीताविना ठेवण्याचा हिचकॉक यांचा मूळ विचार होता, तरीही हरमन यांनी त्यासाठी रचना केली आणि ती ऐकल्यावर दिग्दर्शकांनी आपला विचार बदलला. स्वरलिपीचे तपशील वाचताना मात्र मी वेगळ्याच गोष्टीपाशी थांबलो. उरलेल्या चित्रपटात त्यांनी वादकांना वाद्याच्या घोडीवर म्यूट, म्हणजे आवाज दबका करणारा चिमटा, बसवून वाजवायला लावले होते आणि त्या एका प्रसंगापुरते ते काढायला सांगितले होते. म्हणजे ती किंकाळी इतकी उघडी वाटते, ती तिच्या अवतीभवतीच्या कोंडलेल्या आवाजामुळे. मी किंकाळी उचलली होती आणि कोंडलेपण मागे ठेवले होते. माझ्या लायब्ररीत म्यूट लावलेल्या व्हायोलिन, व्हायोला आणि चेलोंचे स्वर स्वतंत्र मुद्रित केलेले आहेत, आणि माझ्या मते तिच्यातील सर्वांत मौल्यवान भाग तोच आहे. एकांकिकेचा जवळजवळ सगळा पहिला भाग मी त्यांवरच पुन्हा रचला.

हरमन स्वतःही मागच्याकडून घेतच होते. ‘सायको’तील काही कल्पना त्यांच्याच 1936 च्या तंतुवाद्यांसाठीच्या ‘सिन्फोनिएटा’मधून आल्या आहेत, आणि ‘व्हर्टिगो’ (1958) मधील प्रेमाच्या संगीतावर वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’ या ऑपेराची छाया स्पष्ट ऐकू येते. जॉन विल्यम्स यांच्या ‘जॉज’ (1975) मधील दोन स्वर तर सर्वांना पाठ आहेत. पांढरी एक हा षड्ज धरला, तर ते शुद्ध गंधार आणि शुद्ध मध्यम. त्यांची ठोकत पुढे येणारी लय ऐकताना मला स्त्राविन्स्कींच्या 1913 च्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेमधील तंतुवाद्यांचे आघात आठवतात. ही वंशावळ लक्षात आल्यावर मी स्वरांची उसनवारी थांबवली आणि लय आपल्या जवळपास शोधली. आमच्या पूर्व भागातील यंत्रमागांचा ठेका कानात होताच. तो चेलो आणि डबल बासवर बसवला. एकच स्वर सलग वाजवला तरी लायब्ररी त्याची चार निरनिराळी ध्वनिमुद्रणे आलटून पालटून वापरत असल्याने तो यांत्रिक वाटला नाही.

लायब्ररीच्या उणिवाही आहेत. एकमेकांना खेटलेल्या स्वरांचे जे झुबके तिच्यात दिले आहेत, त्यांचे मूळ पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्कींच्या संगीतात आहे. हिरोशिमाच्या बळींसाठीच्या शोकगीतात त्यांनी 52 तंतुवाद्यांपैकी प्रत्येकाला वेगळे काम दिले होते, आणि त्यांच्या इतर काही रचना ‘द शायनिंग’ (1980) या चित्रपटात वापरल्या गेल्या. लायब्ररीतील झुबका मात्र एकाच आकाराचा मिळतो आणि त्याच्या आतले स्वर बदलता येत नाहीत. दुसरी उणीव मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. स्वरांतर मोठे झाले की घसरण खोटी वाटते, त्यामुळे आपल्याकडच्या धुनेसाठी हे साधन अपुरे पडते. ‘कानून’ (1960) आणि ‘इत्तेफाक’ (1969) या गीतांविना बनलेल्या चित्रपटांना सलील चौधरींनी पार्श्वसंगीत दिले होते. पाश्चात्त्य वाद्यमेळ मुंबईच्या चित्रपटात कसा रुजतो, हे शिकायला लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेपेक्षा ते दोन चित्रपट मला अधिक उपयोगी पडले.

हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग झाला, तेव्हा किंकाळीसारखा आवाज संपूर्ण एकांकिकेत एकदाच, तोही दोन सेकंद, ठेवला होता. ते ज्येष्ठ वादक तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि त्या क्षणी त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर आवळलेला मी ध्वनियंत्रणेपाशी उभा राहून पाहिला. रहस्यनाट्यासाठी अशी लायब्ररी घेणाऱ्यांनी तयार आवाजांचे नमुने ऐकण्याआधी तिच्यात म्यूटचे स्वर स्वतंत्र मुद्रित केले आहेत का, एवढे अवश्य तपासावे.