'द रीडर' : कादंबरीतली हान्ना आणि पडद्यावरची हान्ना

बर्नहार्ड श्लिंकची कादंबरी १९९५ची, स्टीफन डाल्ड्रीचा चित्रपट २००८चा. कथा तीच. नाझी छळछावणीची पहारेकरी असलेली हान्ना युद्धानंतरच्या खटल्यात, कैदी बायका जळून मेल्या त्या आगीचा अहवाल आपणच लिहिल्याचं कबूल करते आणि जन्मठेप ओढवून घेते, कारण आपल्याला लिहिता-वाचता येत नाही हे तिला कोणालाही कळू द्यायचं नाही. कुलूपबंद चर्चमध्ये जळून मेलेल्या बायकांपेक्षा तिला निरक्षरतेची लाज मोठी वाटते. हे पचत नाही, आणि पचू नयेच.

शाळकरी वयात हान्नाचा प्रियकर असलेला, तिला पुस्तकं वाचून दाखवणारा मिखाएल हा कथेचा निवेदक. खटल्याच्या वेळी त्याला तिचं गुपित कळलेलं असतं. कादंबरीत तो तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक असलेल्या वडिलांचा सल्ला घेतो, न्यायाधीशांना भेटतो आणि इकडचं तिकडचं बोलून परततो. चित्रपटात वडिलांच्या जागी कायद्याचे प्राध्यापक येतात, आणि मिखाएल तुरुंगापर्यंत जाऊन तिला न भेटताच मागे फिरतो. दृश्य सुंदर आहे. पण वडिलांच्या पिढीला मुलाने प्रश्न विचारणं, हा युद्धोत्तर जर्मनीचा गाभाच त्यात निसटतो.

खरा फरक शेवटी दिसतो. कादंबरीत हान्नाच्या कोठडीत प्रिमो लेवी, एली विझेल या छळछावणीतून वाचलेल्या लेखकांची पुस्तकं सापडतात. मेलेले लोक तुरुंगात आपल्याकडे येत, असं ती सांगते. चित्रपटात, काय शिकलीस असं विचारल्यावर ती म्हणते, वाचायला शिकले. केट विन्स्लेटने हे अप्रतिम केलंय, ऑस्कर योग्यच होतं. तरी मला कादंबरीच जवळची वाटते. तिथे हान्ना माफी मागत नाही, पण मेलेल्यांना तोंड देते.