वेब अ‍ॅनालिटिक्सचा क्लास: 44,840 रुपये आणि वहिनीच्या चकल्या

पाचपैकी तीन तारे. त्यातले अडीच सरांचे, उरलेला अर्धा वायफायचा.

क्लासचं नाव लिहीत नाही, कारण सर अजून तिथेच नोकरीला आहेत. पुण्यात पेठेत, कापडाच्या दुकानावर तिसरा मजला, लिफ्ट आहे पण बंद. फी 38,000 अधिक जीएसटी, म्हणजे 44,840. दोन हप्ते. चार महिने, शनिवार-रविवार. माझी बॅच जुलै 2024 ची.

मी बी.कॉम. सात वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते. टॅली, जीएसटीचे रिटर्न, महिनाअखेरीला रात्री नऊ. नोकरीच्या जाहिरातींत ‘वेब अ‍ॅनालिस्ट’ (वेबसाइटवर लोक कुठून येतात, काय करतात ते मोजणारा माणूस) दिसायला लागलं तेव्हा वाटलं, आकडे तर आकडेच, आपल्याला काय अवघड आहे? काउंटरवरच्या मॅडमनीही हेच सांगितलं. “तुमचं अकाउंट्स आहे ना, मग सोप्पं जाईल.” माणूस आत येताना कुठल्या क्लासमध्ये वेगळं सांगतात म्हणा.

पहिल्या दिवशी स्पायरल बाइंडिंगच्या नोट्स मिळाल्या, दोनशे पानं. दुसऱ्या आठवड्यात कळलं की त्यातली निम्मी रद्दी आहे. सगळे स्क्रीनशॉट गूगलच्या या मोजणीच्या साधनाच्या आधीच्या आवृत्तीचे, म्हणजे जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सचे. त्यात नवा डेटा येणं 1 जुलै 2023 ला थांबलं, आणि आम्ही शिकायला बसलो त्याच महिन्यात जुने रिपोर्ट बघायची सोयही गूगलने बंद केली. नोट्समध्ये ‘व्ह्यू’ आणि ‘गोल’ यांच्यावर चाळीस पानं, स्क्रीनवर जीए फोर (त्याच साधनाची नवी आवृत्ती) उघडलं की दोन्ही गायब. तक्रार केली तर “कन्सेप्ट तोच आहे” हे उत्तर.

कन्सेप्ट तोच नाही. साधा बाउन्स रेट घ्या, म्हणजे आल्या पावली परत गेलेल्यांचं प्रमाण. पूर्वी माणूस एकच पान बघून गेला की बाउन्स. आता तो दहा सेकंद थांबला, किंवा दुसरं पान उघडलं, किंवा आपण महत्त्वाची ठरवलेली एखादी गोष्ट केली, तर बाउन्स धरत नाहीत. ज्या दुकानाचं एकच पान आहे आणि लोक त्यावरचा नंबर वाचून फोन लावतात, त्याचा जुना आकडा भयंकर दिसायचा, धंदा मात्र चांगला चाललेला. नोट्स वाचून मुलाखतीला गेलात तर इथेच पडाल.

माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘इंटरनॅशनल सर्टिफिकेशनसह’ असं आहे. ते म्हणजे गूगलच्या स्किलशॉपवरची परीक्षा. ती कुणालाही घरबसल्या फुकट देता येते. 50 प्रश्न, 75 मिनिटं, पास व्हायला 80 टक्के, आणि सर्टिफिकेट वर्षभर चालतं. सरावासाठी गूगलच्याच मर्चंडाइज स्टोअरचं डेमो अकाउंटही फुकट उघडतं. या दोन गोष्टींसाठी कुणी फी मागत असेल तर तीन जिने उतरून खाली या.

मग पैसे गेले कशात? सरांत. नाव लिहीत नाही. वय पस्तीसच्या आसपास, दिवसा कुठल्याशा ई-कॉमर्स कंपनीत, शनिवार-रविवार इथे. त्यांना नोट्सची लाज वाटायची, त्यामुळे ते त्या उघडतच नसत. तिसऱ्या रविवारी म्हणाले, डेमो अकाउंटवर कुणाचंच पोट अवलंबून नाही, त्यामुळे त्यात चुका दिसत नाहीत. ओळखीतली एखादी खरी वेबसाइट आणा.

माझी वहिनी सांगलीत दिवाळीचा फराळ करून विकते. चकली, अनारसे, कडबोळी. भाच्याच्या मित्राने वेबसाइट करून दिलेली. मी तिच्यावर टॅग मॅनेजरमधून (मोजणीचे छोटे कोड, म्हणजे टॅग, वेबसाइटवर बसवायचं गूगलचं साधन) जीए फोर बसवलं. सरांनी पहिल्यांदा काय करायला लावलं असेल, तर डेटा किती दिवस राहील ती सेटिंग दोन महिन्यांवरून चौदा महिन्यांवर न्यायला. ती मुळात दोनवरच असते. दिवाळी वर्षातून एकदा येते, पुढच्या वर्षी एक्सप्लोरेशनमध्ये (जीए फोरमधले सविस्तर रिपोर्ट) तुलना करायला मागचं काही नको का?

दुसरा धडा लिंकांचा. वहिनीने ऑर्डरची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे पाठवली, रिपोर्टात ती माणसं ‘डायरेक्ट’ म्हणून आली. कुठून आली, पत्ता नाही. मग युटीएम लावले, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारे लिंकच्या शेवटी जोडायचे शब्द. (यातला यू अर्चिनचा. ती कंपनी गूगलने 2005 मध्ये घेतली आणि तिच्यातूनच गूगल अ‍ॅनालिटिक्स उभं राहिलं. सरांना अशा गोष्टी फार.) दादाने लिंक करताना व्हॉट्सअ‍ॅपचं पहिलं अक्षर कॅपिटल टाकलं, वहिनीने सगळी लहान, भाच्याने मधलंही कॅपिटल. रिपोर्टात एका व्हॉट्सअ‍ॅपच्या तीन ओळी. खतावणीत एकाच पार्टीची तीन खाती उघडल्यासारखं. ते बघून मला पहिल्यांदा वाटलं, अरे, हे तर आपलंच काम आहे.

आणि मग आकडा जुळेना. वहिनीच्या वहीत ऑर्डरी 44, जीए फोरमध्ये 53. सर म्हणाले, थोडा फरक राहतोच, दिशा बघायची. बॅचमधल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला झोप येईना. अकाउंट्समध्ये एका रुपयाच्या फरकासाठी आम्ही रात्री दहापर्यंत बसलोय, आणि इथे नऊ ऑर्डरी सोडून द्यायच्या?

शेवटी बँक रिकन्सिलिएशन करतात तसा कागद घेतला. तारीख, वेळ, गाव आणि रक्कम लावत गेले. वहीप्रमाणे 44. वजा 3, ज्या जीएपर्यंत पोचल्याच नाहीत. त्यातल्या दोघांना वहिनीकडून फोन करवला, दोघंही ब्रेव्ह ब्राउझर वापरणारे निघाले, तो असले टॅग मुळातच अडवतो. तिसऱ्याचं कारण मला अजून कळलेलं नाही. राहिल्या 41. अधिक 7, कारण लोक ऑर्डर नंबर बघायला ‘धन्यवाद’चं पान पुन्हा उघडत होते आणि दर वेळी नवी खरेदी नोंदली जात होती. खरेदीबरोबर ऑर्डर नंबर पाठवला असता तर जीएने दुसरी नोंद गाळली असती. भाच्याच्या मित्राने तो पाठवलाच नव्हता. अधिक 5, दादाच्या ‘चालतंय का बघू’ ऑर्डरी, त्याने वहीत अर्थातच लिहिल्या नव्हत्या. एकूण 53. जुळलं!

रविवारी तो कागद सरांना दाखवला. त्यांनी फोटो काढला, फळ्यावर उतरवला आणि पूर्ण दोन तास त्याच्यावरच घेतले. त्या दिवसाचे मी 44,840 धरते. बाकीचे दिवस वाटून घेतले तर क्लास महाग आहे.

‘100 टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यावर नोकऱ्यांच्या साइटवरच्या लिंका फॉरवर्ड होतात, निम्म्या मुदत संपलेल्या. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) दोन तासांत उरकलं, आणि मुलाखतींत मला सगळ्यात जास्त तेच विचारलं. बिगक्वेरीच्या (गूगलचा मोठ्या डेटासाठीचा डेटाबेस) फुकट सँडबॉक्सवर ते नंतर घरी शिकले. दिवसभर काम करून रात्री शिकायचं तर अजून दोन-तीन महिने धरा, हे काउंटरवर कुणी सांगत नाही.

चौथ्या मुलाखतीत बाईंनी विचारलं, “काल वेबसाइटची विक्री अचानक निम्मी दिसतेय. आधी काय बघाल?” मी म्हटलं, विक्री पडलीय की नोंद पडलीय ते. आधी पेमेंट गेटवेचा आकडा बघेन. तोही पडला असेल तरच मार्केटिंगवाल्यांना फोन. मग पर्समधला चकल्यांचा कागद काढला. बाई स्वतः सीए अर्धवट सोडून इकडे आलेल्या निघाल्या. त्या कागदाकडे बघून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “तो तिसरा कोण?”

जानेवारीपासून तिथेच आहे. पगार अकाउंट्सपेक्षा थोडाच जास्त, पण महिनाअखेर आता इतर दिवसांसारखीच असते. सणांच्या सेलचा आठवडा सोडून, तेव्हा जुने दिवस आठवतात.

जायचंच असेल तर आधी चौकशी करा की रविवारची सकाळची बॅच कोण घेतं. संध्याकाळच्या बॅचला दुसरे सर आहेत, ते नोट्स वाचून दाखवतात. आणि फोनवर फी ठरवताना जीएसटी धरून सांगायला लावा. मला 38,000 च सांगितले होते, आणि मी अकाउंटंट असून विचारलं नाही.