कासवासाठी आणलेला जनावरांचा हौद: दोन वर्षं वापरून लिहितोय

आम्ही डॅलसजवळ राहतो आणि घरात एक आफ्रिकन साइडनेक कासव आहे, पेलोमेडुसा जातीचं, नाव बंड्या. ओळखीतले एक जण दुसऱ्या राज्यात चालले होते, त्यांच्याकडून आला, तेव्हाच सात इंचाचा होता. मी हौसेने 40 गॅलनची काचेची टाकी आणली आणि आठवड्याभरात कळलं की ही टाकी नाही, लॉकअप आहे. दोन हात मारले की भिंत. मग मोठ्या काचेच्या टाकीची स्टँडसकट किंमत बघितली आणि गपचूप लॅपटॉप मिटला.

तर हा रिव्ह्यू त्यानंतर आणलेल्या 100 गॅलनच्या स्टॉक टँकचा. शेतीच्या दुकानात घोड्यांच्या खाद्याच्या पोत्यांशेजारी एकात एक घालून ठेवलेले असतात ना काळे हौद, तोच. आपल्याकडे गोठ्यापुढे डोण असते तसला प्रकार, फक्त दगडाऐवजी जाड प्लास्टिक. 53 इंच लांब, 31 रुंद, 25 खोल. ब्रँडचं फार मनावर घेऊ नका, भिंत जाड आहे आणि खाली ड्रेन प्लग आहे एवढं बघा.

सगळ्यात मोठा फायदा खोलपणाचा. हे कासव आफ्रिकेतल्या पावसाने भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांतलं, डबकं आटलं की चिखलात पुरून घेऊन महिनोन्‌महिने पडून राहतं, म्हणून बरेच जण सांगतात की याला टीचभर पाणी पुरे. माझ्याकडे तरी तसं दिसलं नाही. 14 इंच पाणी ठेवलंय, बंड्या मस्त पोहतो, आणि वर 11 इंच सरळ भिंत उरते त्यामुळे पळून जायची सोय नाही. काचेच्या टाकीतून हा दोनदा बाहेर आला होता, एकदा तर वॉशिंग मशीनच्या मागे सापडला, कवचावर धुळीचं जळमट आणि हात लावल्याबरोबर तो घाण वास सोडला. तो वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल.

आता तोटे. बघायचं फक्त वरून. या जातीची सगळी गंमत तोंडात आहे, जन्मजात हसरं तोंड, हनुवटीला दोन छोट्या मिशा, आणि घाबरला की मान सरळ आत न घेता फोटोला नको म्हणणाऱ्या पोरासारखी बाजूला वळवून कवचाच्या कडेखाली दडवतो. काचेतून हे सगळं दिसायचं. आता काळ्या पाण्यात काळपट पाठ दिसते. मुलगी अजून कुरकुर करते, बाबा बंड्या हसताना दिसतच नाही. हौद बंड्यासाठी चांगला, आपल्यासाठी नाही, हे आधीच डोक्यात ठेवून घ्या. 5 पैकी 4, तो एक स्टार मुलीने कापलाय.

दुसरं, ड्रेन प्लगला टेफ्लॉन टेप गुंडाळून मगच घट्ट करा. मी तसाच पिळून बसवला आणि सकाळी लाँड्री रूममध्ये तळं. चूक माझीच, पण बायकोने दोन दिवस त्या विषयावर एक शब्द काढला नाही, ते जास्त वाईट. आणि काठोकाठ भरला तर पाण्याचंच वजन 378 किलो होतं, तेव्हा वरच्या मजल्यावर ठेवायचा विचारही नको.

हौदाबरोबर बाकीचं काही येत नाही हे लक्षात घ्या. उन्हात बसायचा कट्टा मी ट्यूबलाइटखाली लावतात त्या प्लास्टिकच्या जाळीचा आणि झिप टायचा केला. कट्ट्यावर 32 डिग्री, पाणी 24 ते 27. कट्टा तापवणारा दिवा क्लॅम्पवर भरवसा ठेवून लावू नका, साखळीने छताला टांगा, पाण्यात पडला तर संपलंच. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची, ट्यूब पेटलेली दिसते पण आतलं यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून मी वर्षाने बदलतोच. फिल्टर डब्यावर लिहिलंय त्यावर जाऊ नका, ते आकडे माशांचे असतात, कासवाला दुप्पट लागतो. हा मांसाहारी गडी, गांडुळं झिंगे काही सोडत नाही, आणि आफ्रिकेत पाणी प्यायला आलेले होले पकडून आत ओढतात हे. मी शोभेला सहा गप्पी सोडले होते, तिसऱ्या दिवशी शून्य.

लहान पोरं असतील तर साल्मोनेलाचं बघा, म्हणजे कासवाकडून माणसाला लागणारा, पोट बिघडवणारा जंतू. अमेरिकेत चार इंचांखालची कासवं पाळायला विकायला 1975 पासून बंदी आहे ती यापायीच, पण मोठं कासव आहे म्हणून सुटलात असं नाही. हौदाचं काहीही किचनच्या सिंकमध्ये धुवायचं नाही, आणि गाडीतलं पेट्रोल काढतात तसं तोंडाने पाइप ओढायचा नाही. इथेच प्लगची खरी किंमत कळते, पाइप जोडला, फिरवला, पाणी थेट अंगणात. ते पाणी मी मोगऱ्याला देतो. कढीपत्त्याच्या कुंडीकडे मात्र पाइप वळवलेला आमच्या घरात चालत नाही, एकदा वळवला होता, तर त्या आठवड्याची आमटी फोडणीत कढीपत्ता न घालताच आली.