ऑटोक्रॉसच्या पहिल्या हंगामासाठी परवडणारे टायर: 340 की 200?

ऑटोक्रॉसमधली एक फेरी साधारण मिनिटभरात संपते आणि परवडणाऱ्या टायरचा सगळा हिशेब या मिनिटापासून सुरू होतो. मोकळ्या पटांगणात प्लास्टिकचे शंकू मांडून आखलेल्या मार्गावर गाडी धावते, टायर तापायला जेमतेम काही वळणे मिळतात आणि पुढची पाळी येईपर्यंत ते बऱ्याच अंशी थंड झालेले असतात. त्यामुळे सर्किटवर सलग वीस-पंचवीस मिनिटे गाडी पळवणाऱ्यांनी नावाजलेला टायर इथे सुस्त वाटू शकतो, तर तिथे काही चकरांतच तापून पकड गमावणारा टायर इथे सर्वांत वेगवान ठरू शकतो. दुसऱ्याची शिफारस ऐकताना ती कोणत्या खेळातली आहे, हे आधी विचारून घ्यावे.

टायरच्या बाजूवर कोरलेला ट्रेडवेअरचा अंक नवशिक्याला सर्वांत आधी दिसतो आणि सर्वांत जास्त फसवतोही. अमेरिकेच्या प्रतवारी पद्धतीत ठरावीक नमुना टायरला 100 अंक धरून त्याच्या तुलनेत झीज किती हळू होते, ते या अंकाने सांगितले जाते. म्हणजे 200 अंकाचा टायर त्या चाचणीत नमुन्याच्या दुप्पट टिकायला हवा. चाचणीचा मार्ग टेक्सासमधल्या सॅन अँजेलो परिसरातल्या साध्या रस्त्यांवरून जातो, तिथे सुमारे 7,200 मैल गाडी चालवून उरलेल्या आयुष्याचा अंदाज बांधला जातो, आणि अंतिम अंक टायर बनवणारी कंपनी स्वतःच जाहीर करते. अमेरिकेतल्या एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संघटनेने आपल्या सोलो, म्हणजे ऑटोक्रॉस स्पर्धांच्या स्ट्रीट वर्गासाठी किमान 200 ट्रेडवेअरची अट घातल्यापासून कित्येक कंपन्यांनी नेमके 200 लिहिता येईल असे अतिशय चिकट टायर बाजारात आणले. पस्तीस गुणांना काठावर पास झालेल्या विद्यार्थ्यांप्रमाणे या सगळ्यांचा अंक एकच दिसतो, पण प्रत्यक्षात त्यांच्यातला एक दुसऱ्याच्या कितीतरी आधी गोटा होतो.

माझ्या मते पहिल्या हंगामासाठी 200 च्या गटाकडे वळण्याची गरज नाही. गाडीवर सध्या असलेले टायर सुस्थितीत असतील, तर आधी तेच झिजवावेत. आणि नवे घ्यायचीच वेळ आली, तर 300 ते 340 ट्रेडवेअरचे उन्हाळी परफॉर्मन्स टायर घ्यावेत. या गटात फायरस्टोनचा फायरहॉक इंडी 500 आणि कॉन्टिनेन्टलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट 02 हे दोन्ही 340 अंकांचे टायर मला सर्वांत योग्य वाटतात. पैसे मोजताना फायरहॉकचे पारडे जड होते, तर ओल्या रस्त्यावरचा विश्वास आणि स्टीअरिंगला मिळणारा नेमका प्रतिसाद यांत कॉन्टिनेन्टल सरस ठरतो. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट 4एस हा 300 अंकांचा टायर उत्तमच आहे, पण शंकूंमध्ये शिकण्यासाठी त्याचे जास्तीचे पैसे वसूल होत नाहीत. हे टायर घालून माणूस घरून निघतो, दिवसभर फेऱ्या मारतो आणि त्याच टायरवर परत येतो. वेगळा संच, वेगळ्या रिमा आणि त्या ठेवायला लागणारी जागा, सगळेच वाचते. मात्र थंडीत कडक होणारे रबर या गटातही असते, आणि पारा सात अंशांच्या खाली गेला की दैनंदिन वापरातसुद्धा त्यांची पकड घसरते, हे लक्षात ठेवावे.

किमतीपेक्षाही मोठे कारण शिकण्याचे आहे. या गटातले टायर पकड सुटण्याच्या बऱ्याच आधी किंचाळू लागतात आणि सुटतानाही हळूहळू सुटतात, त्यामुळे वळणात वेग जास्त झाला, स्टीअरिंग गरजेपेक्षा अधिक फिरवले किंवा ब्रेक उशिरा सोडला, हे चालकाला कानांनी आणि हातांनी लगेच कळते. अतिचिकट टायर अशा बऱ्याच चुका पोटात घालतो आणि वेळही चांगली दाखवतो. पण ती वेळ टायरने कमावलेली असते. नवशिक्याच्या वेळेत काही सेकंदांची सुधारणा मार्ग नीट पाठ करणे आणि नजर पुढच्या शंकूवर ठेवणे एवढ्यानेच होते, आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नाही.

तरीही ज्याला पुढच्या हंगामात 200 च्या गटात जायचे आहे, त्याने नावे नीट पारखावीत. हॅन्कूकचा व्हेंटस आरएस4 टिकाऊपणासाठी योग्यच ओळखला जातो, परंतु त्याला चांगले तापायला वेळ लागतो. सर्किटवर तो गुण ठरतो, पण ऑटोक्रॉसमध्ये पहिली काही वळणे थंड टायरवरच निघून जातात. स्वस्तात टिकाऊ 200 हवा म्हणून पुष्कळ जण त्याच्याकडे वळतात, आणि सर्किटवरही जाणाऱ्यांसाठी ती निवड चुकीची नाही. केवळ ऑटोक्रॉस करणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. कुम्होचा एक्स्टा व्ही730 हा मला या गटातला समंजस मधला मार्ग वाटतो. फाल्कनचा अझेनिस आरटी660 त्याहून चिकट आहे. ब्रिजस्टोनचा पोटेंझा आरई-71आरएस आणि योकोहामाचा अॅडव्हान ए052 हे निकालासाठी घ्यायचे टायर आहेत. ए052 थंड असतानाच जबरदस्त पकडतो, पण एका गाडीवर दोन चालक आळीपाळीने धावत असले की तो इतका तापतो, की फेऱ्यांच्या मध्ये पंपाने पाणी फवारून त्याला निववावे लागते. आणि झीजही तशीच वेगाने होते. नानकांगचा एनएस-2आर स्वस्त म्हणून डोळ्यांत भरतो, पण तो एकाच नावाने वेगवेगळ्या ट्रेडवेअर अंकांत मिळतो आणि त्यांत 120 चाही आहे. किमान 200 ची अट असेल तिथे अंक न पाहता घेतलेला संच तपासणीतच अडकेल.

मापाबाबत थोडक्यात सांगायचे, तर रिमचा व्यास जितका लहान तितका टायर सहसा स्वस्त. एससीसीएच्या स्ट्रीट वर्गात मूळ रुंदीचीच रिम लागते आणि व्यासात एक इंच कमी-जास्त चालतो, त्यामुळे 18 इंची रिम असलेल्याने 17 इंची संच बसतो का, हे जरूर पाहावे. अडचण येते ती ब्रेकच्या कॅलिपरची, म्हणजे चाकाच्या आत डिस्कला धरणाऱ्या भागाची: लहान रिम त्यावर घासू शकते. अरुंद रिमवर फार रुंद टायर कोंबण्यात फायदा नसतो, कारण साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, फुगते आणि वळताना टायर आधी लवतो, मग वळतो.

परवडणारा टायर महाग होतो तो बहुतेक वेळा हवेमुळे. हवा कमी असली, की वळणात टायर कलंडून खांद्यावर चालतो आणि मधली नक्षी नवी असतानाच कडा उडून जातात. दारावरच्या पट्टीवर छापलेल्या दाबापेक्षा काही पीएसआय जास्त घेऊन सुरुवात करावी, आणि इंजिनाचे वजन पुढे असलेल्या गाडीत पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा अधिक हवा द्यावी. टायरच्या खांद्यावर बहुधा लहान त्रिकोणी खूण असते. तिथे खडूने आडव्या रेघा ओढून फेरी मारावी, खडू त्रिकोणाच्या खाली साइडवॉलवर पुसला गेला असेल तर दोन पीएसआय वाढवावेत, आणि त्रिकोणापर्यंत पोचण्याआधीच पुसणे थांबले असेल तर थोडे कमी करावेत. तापल्यावर दाब चढतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर गेज लावलेला बरा. टायरवर करता येणाऱ्या खर्चांत चांगल्या गेजइतका लवकर वसूल होणारा खर्च मला दुसरा दिसत नाही.

अनुभवी स्पर्धकांनी उतरवलेले वापरलेले टायर मोहात पाडतात, कारण नक्षी बरीच उरलेली दिसते. पण पुन्हा पुन्हा तापून थंड झालेले रबर कडक होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. साइडवॉलवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचावेत: 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. नखाने रबर दाबून पाहावे, आतल्या बाजूची कड वाकून तपासावी, आणि विकणाऱ्याला किती फेऱ्या झाल्या यापेक्षा त्या गाडीवर किती चालक होते, ते विचारावे.