क्रमांक सुबक, खोका सुबक, डिस्क मात्र बर्न केलेल्या

मर्यादित आवृत्तीचे बॉक्स सेट जमवणाऱ्यांची एक सवय फसवणाऱ्याला पक्की ठाऊक असते: ते वेष्टन फाडत नाहीत. सीलबंद संचाला मोल जास्त, म्हणून तो आला तसा फळीवर जातो. परत करण्याची मुदत टळून गेल्यावर कधीतरी त्याला कात्री लागते, तोवर विक्रेत्याचं खातंही बंद झालेलं असतं. असाच एक आठ डिस्कचा ब्लू-रे संच आता टेबलावर सुटा करून ठेवला आहे. जाड पुठ्ठ्याचा खोका, पुस्तिका, चित्रकार्डं, पाठीवर आवृत्तीचा क्रमांक. ‘नवा, सीलबंद’ म्हणून विकलेला. आठही डिस्क घरगुती रायटरवर बर्न केलेल्या आहेत. तो कुठे कुठे उघडा पडतो ते बघू.

आधी वेष्टन, कारण सगळा विश्वास त्याच्यावरच असतो. कारखान्यात ते दोन तऱ्हांनी लागतं. एकात पातळ फिल्म घट्ट लपेटून दोन्ही टोकांना पाकिटासारख्या घड्या घालून चिकटवतात. दुसऱ्यात उष्णतेने आकसणारी पिशवी असते. तिचा जोड सरळ असतो आणि हवा निघायला बारीक छिद्रं असतात. दुसऱ्या तऱ्हेची नक्कल करायला हाताने चालवायचं सीलर आणि गरम हवेची गन पुरते, आणि ही दोन्ही सहज मिळतात. या संचाचा जोड खालच्या बाजूला नागमोडी गेला आहे, उष्णता जास्त लागल्याने खोक्याचे दोन कोपरे आत दबले आहेत आणि फिल्मखाली एक केस अडकला आहे. पण प्रत्येक नकलेत इतका गबाळेपणा नसतो. नीट लावलेलं बनावट वेष्टन आणि कारखान्यातलं वेष्टन यांत नुसत्या डोळ्यांनी फरक करता येईलच असं नाही. त्याच प्रकाशकाचा दुसरा संच हाताशी असेल तर घड्या आणि जोड ताडून पाहावेत. त्यापलीकडे वेष्टन हा कसलाच पुरावा नव्हे.

खोक्याच्या छपाईसाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं. ऑफसेट छपाईत रंगीत भाग ठिपक्यांच्या नेमक्या गुलाबफुलांसारख्या नक्षीचा बनलेला दिसतो. इंकजेटचे ठिपके विस्कटलेले, भुरभुरल्यासारखे असतात. खरी कसोटी मात्र बारीक काळ्या अक्षरांची, खोक्याच्या मागच्या बाजूला प्रताधिकाराच्या ओळी असतात तिथली. मूळ छपाईत ही अक्षरं एकट्या काळ्या शाईने, धारदार कडांनी उमटतात. नक्कल करणाऱ्याकडे मूळ फाइल नसते, असतो तो खोक्याचा स्कॅन. त्यामुळे तीच अक्षरं चारही रंगांच्या ठिपक्यांतून बनतात आणि भिंगाखाली त्यांना निळी-तांबूस किनार दिसते. छापलेल्या ठिपक्यांचा स्कॅन पुन्हा ठिपक्यांत छापला की सपाट रंगाच्या भागात लहरींसारखी जाळीही उमटते. काळोख्या दृश्यांतले बारकावे बुजलेले असतात, कारण प्रत्येक नकलेत सावल्या आणखी गडद होतात. सोनेरी फॉइल असायला हवं तिथे पिवळट-तपकिरी रंग छापलेला दिसला, खोका तिरपा करूनही तो चमकला नाही, तर भिंगही लागत नाही.

आता क्रमांक, ज्याच्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात. खऱ्या संचावर तो खोका छापून झाल्यावर वेगळ्या टप्प्यात पडतो. फॉइलने, शिक्क्याने किंवा स्वतंत्र काळ्या छपाईने, पण बाकी चित्राच्या वर. या संचावर तो चित्रातच विरघळलेला आहे: तेच ठिपके, तीच जाळी. म्हणजे ज्या एका खऱ्या खोक्याचा स्कॅन झाला त्याचाच क्रमांक सगळ्या नकलांवर गेला. घेण्याआधी त्या आवृत्तीच्या जुन्या विक्रीच्या जाहिरातींचे फोटो चाळावेत. एकच क्रमांक दोन वेगळ्या विक्रेत्यांकडे दिसला की पुढे काही तपासायची गरज नाही. उलट बाजूही आहे. मर्यादित आवृत्ती म्हणजे क्रमांक असणारच असं नाही; काही प्रकाशक फक्त प्रतींची संख्या जाहीर करतात. अशा आवृत्तीवर क्रमांक आढळला तर तो कोणी घातला हा प्रश्न विचारायला हवा.

पण हे सगळं कागदाचं. कागद कितीही उत्तम नकलता येतो, डिस्कचं तसं नाही.

प्रेस केलेल्या डिस्कमध्ये माहितीचे खड्डे साच्यातूनच उमटतात आणि वर सहसा ॲल्युमिनियमचा थर चढतो, म्हणून वाचनाची बाजू चंदेरी दिसते. दोन थरांच्या प्रेस केलेल्या डीव्हीडीत किंचित सोनेरी झाक येते. तिला घाबरू नये. बर्न केलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो, त्यामुळे ती जांभळट किंवा निळसर दिसते. बर्न केलेली ब्लू-रे बहुधा गडद करडी-तपकिरी. दिवसाच्या उजेडात घरातल्या खात्रीच्या डिस्कशेजारी धरली की फरक लगेच कळतो, पिवळ्या दिव्याखाली मात्र फसायला होतं.

मग मधलं भोक आणि चकाकणारा भाग यांच्यामधली कडी पाहायची. प्रेस केलेल्या डिस्कवर तिथे मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे कारखान्याने त्या डिस्कच्या साच्याला दिलेला ओळखक्रमांक असतो, बहुतेक वेळा खोक्याच्या कण्यावरच्या कॅटलॉग क्रमांकाशी किंवा शीर्षकाशी नातं सांगणारा. शिवाय आयएफपीआय या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे दोन कोड असू शकतात: ‘एल’ने सुरू होणारा मास्टरिंगचा, म्हणजे मूळ प्रत तयार करणाऱ्याचा, आणि प्लॅस्टिकमध्येच उमटलेला साच्याचा. ही पद्धत १९९४ साली आली, तेव्हापासूनची कारखान्याची ओळख त्यातून पटते. इथे एक चूक फार जण करतात. आयएफपीआय दिसलं म्हणजे डिस्क खरी, असं नाही. कोऱ्या विकल्या जाणाऱ्या डिस्कवरही हे कोड असू शकतात. आणि कोडाच्या जागी खरवडलेलं दिसलं, तर ते कारखान्यात प्रेस केलेल्या चोरट्या प्रतीचं लक्षण. तिच्यावर रंगाची कसोटी चालत नाही, ती चंदेरीच असते.

लेबलची बाजू मॅट पांढरी आणि भोकाजवळ त्या पांढऱ्या लेपाची कड दिसत असेल तर ती इंकजेटसाठी बनवलेली डिस्क. ओलसर कापसाची काडी आतल्या कडेला मिलिमीटरभर हलकेच फिरवून पाहावी, शाई बहुधा फिसकटते. फक्त पाणी वापरायचं. स्पिरिटने खऱ्या लेबलचाही रंग उठू शकतो आणि मग विक्रेत्याला आयतं निमित्त मिळतं.

संगणकाला ब्लू-रे ड्राइव्ह असेल तर निकाल दोन मिनिटांत लागतो. इमगबर्नसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये डिस्कचा प्रकार दिसतो: बीडी-रॉम (प्रेस केलेली ब्लू-रे) की बीडी-आर (बर्न केलेली). बीडी-आर असेल तर कोरी डिस्क बनवणाऱ्याचा कोडही तिथेच दिसतो. डीव्हीडीसाठी मात्र या एका ओळीवर विसंबू नये. बर्न करायच्या डीव्हीडीपैकी प्लस-आर (डीव्हीडी+आर) प्रकारच्या डिस्कची नोंद बर्न करताना ‘रॉम’ अशी बदलता येते. मग आकार पाहावा. ब्लू-रे एका थरात २५ जीबी, दोन थरांत ५० जीबी. अल्ट्रा एचडी ५०, ६६ किंवा १०० जीबी. डीव्हीडी ४.७ किंवा ८.५ जीबी. नक्कल स्वस्त पडावी म्हणून ६६ जीबीचा मजकूर ५० मध्ये आणि ८.५ चा ४.७ मध्ये कोंबतात. त्यासाठी काहीतरी कापावं लागतं: आधी पुरवणी चित्रफिती, मग समालोचनाचा ध्वनिपट, मग मेनू. या संचात चौथ्या डिस्कवरचा समालोचनाचा पर्याय मेनूत दिसतो, पण निवडला की मुख्य ध्वनीच वाजतो. शेवटचा पुरावा एएसीएसचा, म्हणजे नक्कल रोखण्यासाठी डिस्कवर घातलेल्या सांकेतिक कुलपाचा. कारखान्यात प्रेस होणाऱ्या व्यावसायिक ब्लू-रे चित्रपटावर हे कुलूप असतं. डिस्कवरची एम२टीएस, म्हणजे चित्रपटाची फाइल थेट हार्ड डिस्कवर कॉपी होऊन, किल्ल्या नसलेल्या साध्या प्लेअरमध्ये बिनदिक्कत चालली, तर कुलूप आधीच फोडलेलं आहे.

अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर भल्या विक्रेत्याच्या गळ्यात नाहक घोंगडं पडेल. मागणीनुसार बर्न करून विकलेल्या अधिकृत डिस्कही असतात. हॉलिवूडच्या वॉर्नर कंपनीच्या वॉर्नर आर्काइव्हने २००९ मध्ये बर्न केलेल्या डीव्हीडी-आरवर जुने चित्रपट विकायला सुरुवात केली, ते उघड सांगूनच. तेव्हा आरोप करण्याआधी ती आवृत्ती मुळात कशावर निघाली होती ते तपासावं.

ड्राइव्ह नसेल तर प्लेअरवर सुरुवातीची दहा मिनिटं पाहून समाधान मानू नये. डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि दोन थरांच्या ब्लू-रेत पहिला थर बाहेरच्या कडेशी संपून दुसरा तिथूनच सुरू होतो. स्वस्त बर्निंगमध्ये सर्वाधिक चुका याच कडेला होतात. म्हणून चित्र गोठतं ते साधारण मध्यावर. मधली वीस मिनिटं सलग चालवावीत, मग शेवटचं प्रकरण.

याहून साधी फसवणूक म्हणजे खरा खोका आणि आतून गायब झालेला ऐवज. पोस्टर नाही, कार्डं कमी, किंवा मर्यादित आवृत्तीच्या डिस्क काढून साध्या पुनर्मुद्रणातल्या घातलेल्या. इथे मोजदाद हाच उपाय, आणि पुस्तिकेची पानंही मोजायची: मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पृष्ठसंख्या नेहमी चारच्या पटीत असते. दोन पृष्ठं कमी भरली तर एक पान फाडून काढलं आहे.

घेण्याआधी विक्रेत्याकडे तीन फोटो मागावेत: क्रमांकाचा जवळून, वेष्टनाच्या खालच्या जोडाचा, आणि कण्याचा, शेजारी हाताने तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. तिसऱ्या फोटोची टाळाटाळ झाली की बोलणं तिथेच थांबवावं. ओळखीच्या माणसाला पाठवतात तशा, तक्रारीची सोय नसलेल्या मार्गाने पैसे देऊ नयेत. असा विक्रेता नेमका त्याचाच आग्रह धरतो.

पार्सल आलं की पत्त्याच्या चिठ्ठीपासून डिस्कच्या आतल्या कडीपर्यंत एकच अखंड व्हिडिओ घ्यावा, मध्ये न थांबवता. वेष्टन जपायचं असेल तर खोका ज्या बाजूने उघडतो तेवढ्याच कडेवर ब्लेडने चीर द्यावी. आतला संच सरकवून बाहेर येतो आणि फिल्म खोक्यावर तशीच राहते. सीलबंद म्हणून त्याचं मोल उतरेल, हे खरं. तक्रारीत ‘पसंत पडला नाही’ असं चुकूनही लिहू नये, ‘बनावट’ असंच लिहावं आणि सोबत डिस्कच्या प्रकाराचा स्क्रीनशॉट जोडावा. पसंतीचं कारण दिलं तर परतीचा खर्च बहुधा घेणाऱ्याच्याच माथी येतो. पैसे परत करून माल नको म्हणणारे विक्रेतेही असतात. तक्रार मिटेपर्यंत त्या डिस्कना हात लावू नये. मिटल्यावर प्रत्येकीच्या लेबलवर पक्क्या शाईच्या पेनाने ‘नक्कल’ लिहावं, खोक्याच्या तळाशीही. टेबलावरच्या आठांवर ते लिहून झालं आहे.