थुंकीचं एनटीएम कल्चर: पैसे नेमके कोणत्या ओळीसाठी मोजायचे?

खासगी लॅबमध्ये ही तपासणी, म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून पाहणं, 'एएफबी कल्चर' या नावानं मिळते. एएफबी म्हणजे आम्लानं धुतलं तरी रंग न सोडणारे जंतू; क्षयाचे आणि त्याच्या कुळातले. मायकोबॅक्टेरियम एव्हियमसारखे, क्षयाच्याच कुळातले पण क्षय नसलेले जंतू, म्हणजेच एनटीएम, फुप्फुसात सापडले, तर वर्ष-दीड वर्षाची औषधं सुरू करायची की थांबून पाहायचं, हे बरंचसं याच रिपोर्टवर ठरतं. तपासणी चांगली आहे, पण तिचं साधं पॅकेज अर्ध्यावरच संपतं.

सुरुवात डबीपासून. सकाळी उठल्या उठल्या, उकळून गार केलेल्या पाण्यानं चूळ भरून नमुना द्यावा. नळाचं पाणी नको, कारण हे जंतू नळात आणि शॉवरमध्येच मुक्काम ठोकून असतात, आणि मग रिपोर्ट छातीचा येतो की मोरीचा, ते कळत नाही. लाळ चालत नाही. खोकून काढलेला घट्ट बेडका निदान 5 मिली हवा. वेगवेगळ्या दिवशी तीन डब्या द्याव्यात. पोचवायला उशीर होणार असेल तर डबी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. सेवेची पहिली ढिलाई दिसते ती इथेच. सकाळी घेतलेली डबी कलेक्शन सेंटरच्या टेबलावर संध्याकाळपर्यंत पडून राहिली, की तोंडातले इतर जंतू माजतात आणि 'कंटॅमिनेटेड' असा शेरा हाती येतो. अॅझिथ्रोमायसिनचा कोर्स चालू असताना नमुना दिला तर वाढ दबते, म्हणून तारीख डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. बेडका पडतच नसेल तर 3 टक्के मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझेशन करतात, पण ते देखरेखीखाली, कारण श्वासनलिका आवळू शकते.

लॅबमध्ये नमुन्यावर सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया होते आणि तो एमजीआयटीच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या पोषक द्रवाच्या, नळीत जातो. 'वाढ नाही' म्हणायला 42 दिवस लागतात. कुणी चार दिवसांत निगेटिव्ह कल्चर देतो म्हणत असेल, तर तो वेगळीच तपासणी विकतोय. नळीत वाढ दिसली की एमपीटी 64 ची, म्हणजे क्षयाच्या जंतूचं प्रथिन ओळखणारी, पट्टी लावतात. एएफबी आहेत पण पट्टीवर रेघ नाही, म्हणजे बहुधा क्षय नाही. रिपोर्टवर तेव्हा 'एमओटीटी' (क्षयाव्यतिरिक्तचे मायकोबॅक्टेरिया) एवढी चार अक्षरं येतात, आणि साधं पॅकेज तिथेच थांबतं.

एवढ्यावर निर्णय घेता येत नाही. खरे पैसे मोजायचे ते पुढच्या ओळीसाठी, म्हणजे जातीच्या नावासाठी. लाइन प्रोब किंवा सिक्वेन्सिंग, म्हणजे जंतूच्या डीएनएवरून जात ओळखणारी तपासणी, वेगळी मागावी लागते आणि बिलही वेगळं होतं, ते द्यावं. गॉर्डोनी निघाला तर बहुतेकदा तो पाण्यातून आलेला पाहुणा असतो. कॅन्सासी निघाला तर सहसा उपचाराकडेच कल असतो. अॅब्सेसस म्हणजे निराळंच, चिवट प्रकरण. एव्हियम-इंट्रासेल्युलर गट निघाला तर खरी घासाघीस सुरू होते.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेल्या थुंकीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, पॉझिटिव्ह आला की क्षयाच्या गोळ्या सुरू. पण स्मिअरमध्ये एनटीएमही तसेच दिसतात, तर सीबीनॅट ही तपासणी फक्त क्षयाच्या जंतूंचा डीएनए शोधते. स्मिअर पॉझिटिव्ह आणि सीबीनॅट निगेटिव्ह ही जोडी दिसली, तर एनटीएमची शंका घ्यावी. क्षयाच्या औषधांतली रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल एव्हियमवरही वापरतात, त्यामुळे थोडा उतार पडू शकतो आणि चुकीचं लेबल पक्कं होतं. एव्हियमवरचं मुख्य औषध अॅझिथ्रोमायसिन मात्र त्यात नसतंच.

औषध-संवेदनशीलतेची लांबलचक यादी हा या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग. एव्हियम गटात दोनच ओळी वाचायच्या: क्लॅरिथ्रोमायसिन (अॅझिथ्रोमायसिनच्याच गटातलं, त्याचाही अंदाज यावरूनच) आणि अॅमिकॅसिन. क्लॅरिथ्रोमायसिनची एमआयसी, म्हणजे वाढ रोखायला लागणारी औषधाची किमान मात्रा, 8 किंवा कमी असली तर ठीक, 32 किंवा जास्त असली तर प्रतिरोध. रिफॅम्पिसिनपुढे 'रेझिस्टंट' वाचून घाबरायचं कारण नाही. प्रयोगशाळेतला तो निकाल रुग्णाच्या प्रतिसादाशी जुळत नाही. अॅब्सेसससाठी 14 व्या दिवसाचं वाचन झालं का, ते विचारा. लवकरच्या वाचनात औषध चालतंय असं दिसतं, आणि मग औषधाला दाद न देणारं, जंतूतलं ईआरएम 41 हे जनुक जागं होतं.

आता रिपोर्ट कसा लावायचा? 2007 पासूनचे निकष 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही कायम आहेत: लक्षणं, एक्स-रेवर गाठी किंवा पोकळी, नाहीतर एचआरसीटीवर (छातीचं बारकाईचं सीटी स्कॅन) पसरलेल्या श्वासनलिका आणि बारीक गाठी, दुसरं कारण नसणं, आणि दोन वेगवेगळ्या थुंकींत तीच जात. ब्राँकोस्कोपीत, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, घेतलेल्या धुवणाचं एक कल्चरही पुरतं. निकष पुरे झाले म्हणजे औषध त्याच दिवशी सुरू करायचं, असं मात्र नाही. फुप्फुसात पोकळी असेल किंवा स्मिअर पॉझिटिव्ह असेल, तर थांबू नये. वजन टिकून आहे, ताप नाही, सीटी सौम्य आहे, अशा वेळी छाती मोकळी करण्याचे व्यायाम आणि लक्ष ठेवणं हाही रीतसर पर्याय आहे. दुसऱ्या पारड्यात तीन औषधं, तीही कल्चर निगेटिव्ह झाल्यावर 12 महिने. इथॅम्ब्युटॉलमुळे लाल-हिरव्या रंगांची ओळख बिघडू शकते, अॅझिथ्रोमायसिनमुळे ऐकू येणं आणि ईसीजी, तर रिफॅम्पिसिन रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम घटवतं.

थांबायचं ठरलं तर एक पथ्य कडक: खोकला वाढला म्हणून एकटं अॅझिथ्रोमायसिन महिनोन्महिने घेऊ नये. याच वाटेनं प्रतिरोध येतो आणि हातातलं सर्वांत चांगलं औषध जातं.

रिपोर्ट मिळाला त्याच दिवशी लॅबला लेखी कळवून वाढलेला जंतू जपून ठेवायला सांगा. लॅब तो कायम ठेवत नाहीत, आणि एकदा फेकला की जातीचं नाव विचारायला पुन्हा तीन डब्या आणि 42 दिवस.