कमळ, उपळ की कुमुदिनी? आधी पान बघा

तळ्यात पानं तरंगताना दिसली की सरसकट ‘कमळ’ म्हणायची आपल्याकडे सवय आहे. नोंद करायची तर तिघांतलं नेमकं कोण ते ठरवावं लागतं. सुरुवात पानापासून करावी, कारण फुलं बहुतेक वेळा दुपारी मिटलेली असतात.

कमळाच्या (निलम्बो न्यूसिफेरा) पानाला चीर नसते. देठ खालून पानाच्या मधोमध जोडलेला आणि काटेरी असतो. मोठी पानं पाण्याच्या वर उभी राहतात, त्यांच्यावर पाणी ठरत नाही. फसवतात ती कोवळी पानं. ती पाण्यावर सपाट पसरतात आणि उपळाची वाटतात. पान फाटलेलं असेल तर कडेवर विश्वास ठेवू नका, शिरा बघा. मध्यबिंदूपासून चहूबाजूंना फाकलेल्या असतील तर ते कमळच. फुलाच्या मध्यभागी उलट्या शंकूसारखा, भोकं असलेला भाग दिसला की शंका उरत नाही.

खरी गल्लत उपळ (निम्फिया) आणि कुमुदिनी (निम्फॉइडिस इंडिका) यांच्यात होते. दोघांची पानं तरंगती, दोघांनाही देठापर्यंत चीर. फूल उमललेलं असेल तर प्रश्न सोपा आहे: कुमुदिनीचं फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचं, पांढरं, मध्ये पिवळं; पाकळ्या बहुधा पाच, बुडाशी जुळलेल्या आणि पांढऱ्या केसांनी भरलेल्या. उपळाचं फूल बरंच मोठं, पाकळ्या पुष्कळ, सुट्या आणि गुळगुळीत.

फूल नसेल तर काठीनं पान अलगद उचलून खालचा देठ बघा. कुमुदिनीत पानाच्या लगेच खाली देठावर एक गाठ असते आणि तिथूनच कळ्यांचा झुबका फुटतो. उपळात प्रत्येक फुलाचा लांब देठ वेगळा, थेट चिखलातल्या कंदापासून वर आलेला. आमच्या मते सगळ्यात भरवशाची खूण हीच.

कुमुदिनीची एक बहीणही आहे, निम्फॉइडिस हायड्रोफिला. तिच्या पाकळीवर केस नसतात, मधोमध उभी पातळ पट्टी असते. दुरून काढलेल्या फोटोत दोघी सारख्याच दिसतात, म्हणून पाकळीचा जवळून फोटो हवाच. उपळांमध्ये पानाची कडा दातेरी आणि खालची बाजू लवदार असेल तर निम्फिया प्युबेसेन्स. ते रात्री उमलतं आणि सकाळी उशिरा मिटतं. निम्फिया नौचालीची फुलं दिवसा उघडतात, पानाची खालची बाजू गुळगुळीत असते.

साताऱ्याजवळच्या कासला कुमुदिनी तळं आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, सकाळीच पोहोचा. २०१२ पासून कास जागतिक वारसास्थळांत आहे. पाण्यात उतरू नका, पायाखाली कंद आणि कळ्या चिरडतात. तळ्याच्या काठावरूनच तीन फोटो घ्या: पान वरून, पानाखालचा देठ, फूल जवळून. झूम नसेल तर दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल लावूनही पाकळीवरचे केस टिपता येतात.